हृदयरोग्याच्या उशाशी

दिवाळी अंक हाती आला की आधी कथा वाचाव्यात, मग राशिभविष्यावर एक नजर टाकावी आणि चकलीचा तुकडा मोडत पान उलटावे, हा आपला रिवाज. त्यात आजारपणाचे पुराण कोणाला रुचणार? पण शहरातल्या मध्यमवर्गीय वस्तीत हल्ली असा जिना विरळाच, की ज्याच्या एखाद्या मजल्यावर 'अँजिओ झालेले' गृहस्थ राहत नाहीत. रोग घरोघर पोचला, त्याची औषधेही पोचली. या रोग्याची शुश्रूषा कशी करावी ही समज मात्र अजून पोचायची आहे. म्हणून हा प्रपंच.

१९८७ पासून २०२१ पर्यंत, अशी चौतीस वर्षे मी मुंबईत परिचारिका होते. त्यांतली बरीचशी हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात गेली. 'सिस्टर!' या एका हाकेला ओ देता देता केस पांढरे झाले. एवढ्या वर्षांत जे शिकले ते थोडक्यात सांगायचे तर असे : नजर कोठे ठेवायची आणि हात कोठे आवरायचा, हे कळणे म्हणजे हृदयरोग्याची शुश्रूषा. आपल्या घरांतून नेमके उलटे चालते. हवी तेथे नजर नसते आणि नको तेथे दहा हात पुढे येतात.

रोग आहे तरी काय?

हृदय सबंध शरीराला रक्त पुरवते. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते डावी आणि उजवी अशा दोनच धमन्यांतून आणि त्यांच्या फांद्यांतून. या धमन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. वाट अरुंद झाली की चढ चढताना, घाईने चालताना छाती भरून येते. थांबले की बरे वाटते. ही झाली पूर्वसूचना. पण कधी कधी तो थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. त्या वाटेवर अवलंबून असलेला स्नायू उपासमारीने मरू लागतो. यालाच आपण 'झटका' म्हणतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून या रोगात घड्याळाला जेवढी किंमत, तेवढी दुसऱ्या कशालाही नाही.

खाटेवरून खुर्चीत

आमच्या आधीच्या पिढीतल्या परिचारिकांना शिकवण मिळाली होती ती संपूर्ण विश्रांतीची. झटका आलेल्या माणसाला चार-सहा आठवडे खाटेवर निजवून ठेवायचे. त्याने कूस बदलायची नाही, हाताने घास घ्यायचा नाही, दाढीही दुसऱ्याने करायची. १९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा एवढ्या मोठ्या माणसालाही सुमारे सात आठवडे रुग्णालयात काढावे लागले. हेतू चांगला होता, की जखमी हृदयाला काम पडू नये. पण निजून निजून पायांत रक्त साखळे, तेथली गुठळी फुप्फुसात जाई, पाठीला जखमा होत, आणि सर्वांत वाईट म्हणजे माणूस मनातून खचून जाई.

या रिवाजाला पहिला मोठा धक्का दिला तो बॉस्टनचे डॉक्टर सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी. १९५२ साली त्यांनी अशा रोग्यांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचे प्रसिद्ध केले. खुर्चीत बसल्याने रोगी दगावले तर नाहीतच, उलट ताजेतवाने झाले. आम्हा परिचारिकांना यातले एक मर्म रोजच्या कामात पटे. खाटेवर निजल्या निजल्या बेडपॅनवर बसण्याची जी कसरत रोग्याला करावी लागते, त्यापेक्षा खाटेशेजारच्या कमोडवर आधाराने बसणे त्याच्या हृदयाला हलके जाते. विश्रांतीच्या नावाखाली आपण त्याला श्रमच देत होतो, हे उमगायला वैद्यकाला बरीच वर्षे लागली. आज झटक्यात काही गुंतागुंत झाली नाही, तर रोगी दुसऱ्या दिवशी खोलीत चार पावले टाकतो आणि तीन-चार दिवसांत घरी जातो.

सिस्टरच्या हाती वीज

हात आवरायचा कोठे ते झाले. आता नजरेची गोष्ट. झटक्यानंतर पहिल्या काही तासांत रोगी दगावतो तो बहुधा हृदयाची लय बिघडल्याने. ठोके पडायचे थांबून हृदय नुसते थरथरू लागते. त्यातून बाहेर काढायचे तर छातीवर विजेचा धक्का द्यावा लागतो, आणि तो लगेच. छातीदाब किंवा धक्का काहीच मिळाले नाही, तर गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते. रात्री दोन वाजता वसतिगृहात झोपलेले डॉक्टर जिना उतरून येईपर्यंत सारा खेळ आटोपलेला असायचा.

१९६१ साली एडिंबरोचे डॉक्टर डेस्मंड ज्यूलियन यांनी अशा रोग्यांना एकत्र, सतत देखरेखीखाली ठेवावे असा विचार मांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस शहरात डॉक्टर ह्यूज डे यांनी असा विभाग उघडला, आणि त्याच सुमारास फिलाडेल्फियात डॉक्टर लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांचे म्हणणे असे, की चोवीस तास रोग्याजवळ असते ती परिचारिका. तेव्हा कार्डिओग्राम वाचायला तिला शिकवा, आणि लय बिघडलेली दिसताच डॉक्टरांची वाट न पाहता धक्का देण्याचा अधिकारही तिलाच द्या. त्या काळी हे धाडसच होते. डॉक्टरांनी सांगावे आणि सिस्टरने करावे, अशी जुनी घडी होती. पण पूर्वी रुग्णालयात पोचलेल्या शंभरातले तीसएक रोगी दगावत, ते प्रमाण अशा विभागांमुळे निम्म्यावर आले. मी नोकरीला लागले तेव्हा मॉनिटरवरची हिरवी रेघ वाचता येणे हे आमच्या विभागात नाडी मोजण्याइतकेच नेहमीचे झाले होते. त्यामागे कोणाची हिंमत होती, हे मला फार उशिरा कळले.

पण यंत्राच्या नजरेलाही मर्यादा असते. एका पहाटे तीनच्या सुमाराची गोष्ट. बँकेतले एक अधिकारी आदल्या दिवशी दाखल झाले होते. मॉनिटर शांत होता, रेघ सरळ चालली होती. मी फेरी घालता घालता थांबले.

"काका, झोप लागत नाही का?"

"तसं काही नाही, सिस्टर. जरा पोट फुगल्यासारखं वाटतंय. तुम्ही जा, मी उगाच तुम्हाला त्रास देतो."

खोलीत एसीचा गारवा होता आणि काकांच्या कपाळावर घाम डवरला होता. मी डॉक्टरांना फोन करायला सांगितले, कार्डिओग्रामच्या तारा लावल्या, धक्क्याचे यंत्र खाटेशी ओढून घेतले. कागदाची पट्टी बाहेर येते न येते तोच हृदय थरथरू लागले. पहिल्याच धक्क्याला लय परत आली. काकांनी डोळे उघडले आणि विचारले, "मला डुलकी लागली होती का हो?" डॉक्टर त्यानंतर दारात आले. यंत्र ठोके मोजते. घाम मोजत नाही, आणि 'तुम्हाला त्रास नको' म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजातला बदलही मोजत नाही. ते काम माणसाचेच.

नव्वदच्या दशकात आम्ही गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज तासाभरात सलाइनमधून देत असू. तो तास मी खाटेपासून हलत नसे, कारण रक्तदाब केव्हा कोसळेल याचा नेम नसे. पुढे अँजिओप्लास्टी आली. झुरिकमध्ये १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी फुग्याने पहिली धमनी उघडली होती. आमच्या विभागात ती रोजची व्हायला बरीच वर्षे गेली. आता मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून धमनी उघडतात, आत स्टेंट बसवतात. नातेवाइकांना वाटते, काम फत्ते झाले. पण आमचे काम तेव्हा सुरू होते : नळी घातलेल्या जागेतून रक्त येते का, हाताचे बोट वा पायाचा अंगठा गार पडला का, लघवी किती झाली, नाडी कशी. पाळी बदलताना आम्ही 'ओव्हर' देतो, म्हणजे एकेका रोग्याची ही सारी हकीकत पुढच्या सिस्टरला तोंडी आणि लेखी सांगतो. घरी मात्र असे ओव्हर कोणी कोणाला देत नाही. सकाळची गोळी मुलाने दिली की सुनेने, यावरच वाद होतो.

घरी आल्यानंतर

वाचकहो, रुग्णालयातले दिवस चार. घरातली वर्षे वीस. तेव्हा खरी परिचारिका घरातलीच. तिने, किंवा त्याने, कोठे नजर ठेवावी?

पहिली गोष्ट गोळ्या. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर चालतात. दात काढायचा आहे, नातेवाइकाने सांगितले, पित्त होते, अशा कारणांनी त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन नवा झटका येऊ शकतो. कोलेस्टेरॉलची गोळीही तशीच. 'रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला?' असे पुष्कळ जण म्हणतात. अहो, तो नॉर्मल आला तो त्या गोळीमुळेच!

दुसरी गोष्ट वजन आणि सूज. ज्यांचे हृदय झटक्याने दुबळे झाले आहे त्यांचे वजन रोज सकाळी एकाच वेळी करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, घोट्याशी सूज आली, रात्री एकाऐवजी दोन उशा लागू लागल्या, तर अंगात पाणी साठते आहे असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

तिसरी गोष्ट मीठ. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा. आमटी अळणी करायची आणि पानात पापड, लोणचे, फरसाण वाढायचे, याला पथ्य म्हणत नाहीत. आणि तंबाखू, तीत तडजोड नाही. विडी-सिगारेट सुटली पाहिजे, मिश्रीसुद्धा.

आता हात कोठे आवरावा ते सांगते. एक निवृत्त शिक्षक तपासणीला येत. झटका मामुली होता, स्टेंट उत्तम बसला होता. पण घरात त्यांना पाण्याचा पेला स्वतः उचलू देत नसत. वर्तमानपत्र बंद, कारण बातम्यांनी रक्तदाब वाढेल. नातवंड अंगावर घ्यायचे नाही. सुनेने हाताला धरून बाथरूमपर्यंत न्यायचे. मास्तर दिवसभर भिंतीकडे पाहत बसत. एके दिवशी त्यांनी मला हळूच विचारले, "सिस्टर, खरं सांगा, मला किती दिवस उरलेत?" त्यांच्या कार्डिओग्रामात काही वाईट नव्हते, घरच्यांच्या डोळ्यांत जे दिसे, ते वाचून त्यांनी तो निष्कर्ष काढला होता. डॉक्टरांनी घरच्या मंडळींना समोर बसवून सांगितले तेव्हा चालणे सुरू झाले : आधी सपाटीवर पाच-दहा मिनिटे, मग आठवड्याआठवड्याने वाढवत अर्ध्या तासापर्यंत. तीन महिन्यांनी मास्तर मंडईतून भाजी घेऊन येऊ लागले आणि भाजीवाल्याशी घासाघीसही करू लागले. ही तब्येत सुधारल्याची खूण मी कोणत्याही रिपोर्टाइतकीच विश्वासार्ह मानते.

झटक्यानंतर पाचांतला एक रोगी खऱ्या अर्थाने उदासीनतेच्या आजारात सापडतो. 'हल्ली फार शांत झालेत' म्हणून घरचे समाधान मानतात. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, कशातच रस न उरणे, हे शांतपण नव्हे. त्यालाही औषध आहे. आणि एक प्रश्न, जो नवराबायको विचारायला लाजतात आणि डॉक्टर सांगायला विसरतात. दोन जिने धाप न लागता, छातीत न दुखता चढता येऊ लागले, की बहुतेकांना पतिपत्नीच्या सहवासाला हरकत नसते. हे न सांगितल्यामुळे कित्येक घरांत दोन खाटांमध्ये भीतीची भिंत उभी राहते.

भेटायला येणाऱ्यांबद्दल तर काय लिहावे! शहाळे घेऊन येतात आणि खाटेशी बसून सांगतात, "आमच्या साडूंचंही अस्संच झालं होतं. संध्याकाळी बोलले-चालले, आणि रात्री...!" फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यात अशा पोकळ धीर देणाऱ्या आणि फुकट सल्ले वाटणाऱ्या मंडळींसाठी एक स्वतंत्र प्रकरणच घातले होते. त्याला दीड शतक उलटून गेले. मंडळी आहेत तशीच आहेत.

जिच्याकडे कोणी पाहत नाही

नव्वदच्या दशकातच दिवाळीच्या तोंडावर एक बाई आमच्याकडे आल्या. वय बावन्न, मधुमेह जुना. दोन दिवस जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळत होते, जिना चढताना दम लागत होता. छातीत मात्र दुखले नव्हते. घरात कोणी म्हणाले दाढ असेल, कोणी म्हणाले पित्त. ओवा झाला, लिंबू-सोडा झाला. बाईंनी अनारशांचा घाणा पुरा तळला आणि मग त्या स्वयंपाकघरातच बसल्या. आल्या तेव्हा वेळ बराच उलटून गेला होता. जीव वाचला, पण हृदयाचा मोठा भाग कायमचा गेला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना झटका आला होता आणि त्यांची शुश्रूषा बाईंनीच केली होती. सोबत आणलेल्या पिशवीत एक वही होती. त्यात रोजच्या तारखेपुढे रक्तदाबाचे दोन-दोन आकडे, वळणदार अक्षरात. मला वाटले त्यांचेच आहेत. त्या म्हणाल्या, "नाही हो सिस्टर, हे सगळं ह्यांचं. माझा कधी कोणी मोजलाच नाही."

हे वाक्य मी विसरलेले नाही. बायकांचा झटका पुष्कळदा नाटकातल्यासारखा छातीवर हात ठेवून येत नाही. जबडा, पाठ, खांदा दुखणे, धाप, घाम, मळमळ, कारण नसता गळून जाणे, अशा आडवाटेनेही तो येतो. मधुमेह्यांचेही तसेच. पाळी गेल्यानंतर बाईला हा धोका वाढतो. तरी घरातल्या साऱ्यांच्या दुखण्यावर नजर ठेवणारी बाई स्वतःच्या दुखण्याला 'पित्त' हे एकच नाव देते, आणि घर तिच्यावर विश्वास ठेवते, कारण तेच सोयीचे असते.

वेळ आलीच तर

तेव्हा हे नीट ध्यानात ठेवा. अशी लक्षणे दहा-पंधरा मिनिटे टिकली, तर 'सकाळपर्यंत पाहू' म्हणू नका. रोग्याला बसवा, चालवू नका, जिना उतरायला लावू नका. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल आणि फोनवर डॉक्टरांनी सांगितले, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. जिभेखाली ठेवायची गोळी रोग्याला आधीपासून लिहून दिलेली असेल तरच, आणि बसवूनच द्या, कारण तिने रक्तदाब उतरतो. पुरुषत्वासाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील तर ती मुळीच देऊ नका. हे विचारायला लाजू नका. माणूस निपचित पडला आणि श्वास नीट नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल, मदत येईपर्यंत दाबत राहा. बरगडी मोडेल म्हणून भिऊ नका. बरगडी सांधते.

फराळाची ताटे उचलली की पाच मिनिटे काढा. दिवसरात्र अँजिओप्लास्टी होणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, ते विचारून कागदावर लिहा. त्याखाली घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची नावे लिहा आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग रक्तदाबाचे यंत्र काढा, आणि ते आधी तिच्या दंडाला बांधा, जिने हा फराळ केला.